जिन्याच्या गाण्याचा वयोगट

वाचनबाईंना गाता येत नव्हतं, आणि याच एका गुणावर त्यांना नोकरी लागली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी मुलाखतीला समोर तिघं बसले होते. पहिल्याने शिक्षण विचारलं, दुसऱ्याने टायपिंगचा वेग विचारला आणि तिसऱ्याने विचारलं, "गाणं म्हणता येतं का?" बाईंनी खरं काय ते सांगून टाकलं, "शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र घरी आलं. कारण काम होतं संगीताच्या व्हिडिओ गेममधली गाणी वाचायचं. ऐकायचं नाही, वाचायचं. ज्याला गाता येतं तो चालीबरोबर वाहत जातो आणि शब्द तसेच मागे राहतात, असा त्या कार्यालयाचा अनुभव होता.

हे खेळ तुम्ही पाहिले असतील. गाणं वाजत असतं, पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली येत असतात आणि ठिपका रेघेवर आला की बटण दाबायचं. कुणी हातात प्लॅस्टिकची गिटार घेऊन दाबतं, कुणी जमिनीवरच्या चटईवर उड्या मारून. चुकलं की यंत्र हिणवतं, जमलं की टाळ्या वाजवतं. असा प्रत्येक खेळ दुकानात जायच्या आधी बाईंच्या कार्यालयात यायचा आणि त्याच्या डबीवर एक आकडा बसायचा. सगळ्यांसाठी, किंवा सात, बारा, सोळा, अठरा वर्षांच्या वरच्यांसाठी. ठिपक्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते गाण्यांच्या शब्दांनी, म्हणून शब्दांसाठी वेगळं टेबल होतं आणि त्या टेबलावर वाचनबाई होत्या.

पद्धत ठरलेली होती. कंपनीने सगळ्या गाण्यांचे शब्द छापून द्यायचे, त्यावर गायकाचं नाव नाही, कवीचं नाव नाही. बाई प्रत्येक गाणं एकदा मनात वाचायच्या आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने म्हणजे कसं, तर पाणी बंद राहणार असल्याची सूचना वाचावी तसं. कोरडं, सपाट, कुठेही न थांबता. भलीभली विरहगीतं बाईंच्या तोंडून बाहेर पडली की वीजबिलासारखी वाटायची. मग समोरच्या तक्त्यात खुणा. शिव्या, दारू-सिगारेट, मारामारी, गुन्हा, प्रेम. प्रेमात पुन्हा छोटे रकाने होते: हात धरणे, मिठी, चोरटे संबंध आणि त्यापुढचं. बाई पेन्सिलीने खुणा करायच्या आणि दर गाण्यानंतर पेन्सिलीला टोक काढायच्या.

आणि नियम असा, की बत्तीस गाण्यांमधलं एकतिसावं गाणं जरी सोळाचं निघालं तरी अख्खा खेळ सोळाचा. बाकीची एकतीस कितीही सोज्वळ असोत. "एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासते," हे वाक्य बाई कंपन्यांच्या माणसांना इतक्या वेळा ऐकवत, की त्यांतले जुने लोक पुढचे शब्द स्वतःच पुरे करायचे. बिचारे घासाघीस करायचे. "बाई, बारा कशाला? सात करून टाका ना." बाई म्हणायच्या, "हा भाजीबाजार नाही." मग तो माणूस निमूटपणे ते गाणं खेळातून काढून दुसरं घालायचा. गाण्यांना काय तोटा आहे? एक काढलं तर छप्पन्न मिळतात.

आता बाईंचं दुसरं घर, म्हणजे खरं घर. तिथे त्यांचे यजमान होते, आणि यजमानांनी आयुष्यात एक गाणं लिहिलं होतं.

एकच. पण त्या एका गाण्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. एका वाद्यवृंदाने ते गायलं, रेडिओवर लागलं, कॅसेट निघाली. एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा ते सगळ्यांच्या तोंडी होतं. एक तरुण रात्री जोडे हातात घेऊन कुणाच्या तरी जिन्याने चोरपावलांनी वर जातो, असं गाणं. त्या काळी ते भलतंच धीट वाटलं. यजमानांच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला, आणि गल्लीतल्या ज्या ज्या घरात वयात आलेली मुलगी होती त्या त्या घराने जिन्याला दार बसवून घेतलं. जिना नक्की कुणाचा, यावर कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर पैजा लागल्या. औषधवाल्याच्या घरचा, की शिंपीणबाईंचा? यजमानांना थेट विचारलं तर ते मिशीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "कविता आहे ती. नकाशा नाही." तेव्हापासून सगळे त्यांना जिनेवाले म्हणू लागले, आणि हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

बाईंनी मिरवू दिलं. बाहेर राजा असेना का, घरी भांडी घासतो ना, असा त्यांचा हिशेब होता. तो जिना कुणाचा हे त्यांनी नवऱ्याला कधीही विचारलं नाही. त्या काळात हा माणूस दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत छापखान्यात आणि पहाटेपासून दूध केंद्रावर, अशा दोन नोकऱ्या करत होता. घरी दीड महिन्याची मुलगी होती. दोन नोकऱ्या करणाऱ्याला तिसऱ्या जिन्याला वेळ कुठून मिळणार, असं उत्तर बाईंनी स्वतःच काढलं होतं आणि ते पटवून घेतलं होतं. पटवून घेतलेलं उत्तर आणि कळलेलं उत्तर यांत फरक असतो. तो फरक त्यांना अधूनमधून टोचायचा, चपलेत खडा गेल्यासारखा. पण एवढ्यासाठी कोण थांबून चप्पल काढतंय?

निवृत्तीनंतर जिनेवाले बसले ते खिडकीतच बसले. टपरी गेली, पैजा लावणारे गेले, तो वाद्यवृंदाचा गायकही गेला. गाणं वीस वर्षांत कुठे वाजलं नव्हतं. कॅसेट होती, तिला बुरशी आली होती. ते दाढी चार-चार दिवस करेनासे झाले. बाई कामावरून आल्या की ते दार उघडत आणि पुन्हा खिडकीशी जात. बाईंना त्याची काळजी वाटायची. रागही यायचा, कारण चांगला हसताखेळता माणूस डोळ्यांदेखत आकसत चालला होता आणि त्यावर कुठल्याही तक्त्यात खूण करता येत नव्हती.

आणि अशात एका दुपारी फोन आला. एक खेळ कंपनी घरच्यांनी मिळून खेळायचा खेळ काढत होती, जुनी बत्तीस गाणी घेऊन. त्यांना जिन्याचं गाणं हवं होतं.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा जिनेवाल्यांची दाढी झालेली होती. शर्टाला इस्त्री होती. "नात नाचणार माझ्या गाण्यावर," ते म्हणाले, "चटईवर! मी सगळ्यांना सांगून आलो." सगळ्यांना म्हणजे किती जणांना, हे बाईंना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळलं. खालची शेजारीण, इस्त्रीवाला, पोस्टमन आणि एक अनोळखी गृहस्थ, असे चौघं अभिनंदन करून गेले.

बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. सगळे खेळ शेवटी कुठे येतात?

तीन आठवड्यांनी आला. बत्तीस गाण्यांचा गठ्ठा, वर कंपनीची चिठ्ठी: वयोगट सात अपेक्षित. बाईंनी चौदा गाणी वाचली. पंधरावं उचललं, "दार लोटून ठेव सखे" एवढे शब्द वाचले आणि कागद पालथा घातला. पुढचं वाचलंच नाही. नियम स्पष्ट होता: नात्यातल्या माणसाचं काम असेल तर गठ्ठा दुसऱ्याकडे द्यायचा आणि निकाल कायम होईपर्यंत त्या खेळाबद्दल तोंड उघडायचं नाही, कार्यालयात नाही आणि घरीही नाही. हा नियम बाईंनीच एकदा साहेबांच्या मागे लागून करून घेतला होता. तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं.

गठ्ठा गेला मुंगीकडे. मुंगी म्हणजे बाईंच्या हाताखाली तयार झालेली अधिकारी. वय अठ्ठावीस, चण बारीक, आणि साखरेचा एक दाणाही न सांडता पोतं रिकामं करील अशी काम करायची चिकाटी. बाईंनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "मनातलं वाचू नकोस. कागदावरचं वाच." मुंगीने ते वाक्य टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलं होतं. बाईंना तिचा अभिमान होता, गठ्ठा तिच्या हातात देईपर्यंत.

चार दिवसांनी निकाल लागला आणि पाचव्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाने तो जिनेवाल्यांना फोनवर वाचून दाखवला. बाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. जिनेवाल्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन मोठ्या आवाजात असायचा.

"गाणं पंधरावं," तो माणूस वाचत होता. "ओळ एक आणि दोन: रात्रीच्या वेळी घरात गुपचूप प्रवेश. पायांचा आवाज होऊ नये म्हणून जोडे काढण्याची खबरदारी. ओळ तीन: प्रकाश व आवाज टाळणे. ओळ चार: घरातील व्यक्तीची फूस असल्याचे दिसते. ओळ पाच: उजाडण्यापूर्वी पलायन. कृती क्रमवार सांगितलेली असल्याने लहान मुलांकडून अनुकरणाची शक्यता. रकाना: गुन्हा, घरफोडी. वयोगट: बारा."

जिनेवाल्यांनी फोन आणखी जवळ ओढला. मग म्हणाले, "आणि प्रेम?"

"प्रेम: उल्लेख नाही."

मटाराच्या शेंगा बाईंच्या हातातच राहिल्या. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. एकतीस वर्षं ज्या गाण्यापायी गल्लीतल्या बापांची झोप उडाली, त्यात कागदावर प्रेमाचा एक शब्द नव्हता. मुंगीने अगदी बरोबर वाचलं होतं. बाईंनी शिकवलं होतं तसंच. आपलेच दात, आपलेच ओठ.

"मी चोर?" जिनेवाले फोनमध्ये ओरडले. "अहो, तो प्रियकर आहे! चोरून भेटायला चाललाय!"

"तसं मीही म्हणून पाहिलं," कंपनीचा माणूस म्हणाला. "पण मग ते 'चोरटे संबंध' या रकान्यात जातं. त्याला सोळा. साहेब, मला खेळ सातचा हवा आहे. चोर असाल तर बारा, प्रियकर असाल तर सोळा. तुम्ही आणखी काही आहात का?"

जिनेवाल्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"तसं असेल तर फेरविचाराला या," तो माणूस समजुतीने म्हणाला. "पुढच्या मंगळवारी. गीतकाराला खुलासा करता येतो. लेखी नाही चालत, समक्ष. नाहीतर मला दुसरं गाणं शोधावं लागेल. राग मानू नका."

पुढचे दिवस घरात मोठे गमतीचे गेले, म्हणजे बघणाऱ्याला गमतीचे. बाईंना बोलायची बंदी, त्यामुळे दोघांच्या वाटचं जिनेवालेच बोलायचे.

"तू सांग ना त्या मुलीला. तुझं ऐकेल ती."

बाई गप्प.

"बरोबर आहे, तुला बोलता येत नाही. पण खुणेने तर सांगशील? काय बोलू मी तिथे?"

बाईंनी खूणही केली नाही. खूण हेसुद्धा बोलणंच, असं त्या नियमाच्या चौथ्या कलमात होतं.

"गेलं खड्ड्यात! नको मला तो खेळ. पोराटोरांच्या उड्या मारायच्या चटया त्या. माझं गाणं काय तेवढ्यासाठी आहे?" असं म्हणून ते खिडकीशी जाऊन बसले. बसल्यावर दहा मिनिटांनी, बाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण बाईंना ऐकू गेलंच, मुलीला फोन लावून विचारलं, "ती चटई केवढ्याची असते गं? आपल्या खोलीत मावेल का?"

सोमवारी त्यांनी दाढी केली नाही. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना रडू आलं. न्हाणीघरात जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला. या माणसाने फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं, असलं तर. पण ते बोलला की जिनेवाले संपले. कोपऱ्यावरच्या पैजा, बापांनी बसवलेली दारं, मिशीवरचं बोट, सगळं खलास. आणि जर तसं खरं वाक्य नसेलच, जर जिना खरंच औषधवाल्याचा असेल, तर मग बाईंना ते मंगळवारी, सगळ्या सहकाऱ्यांसमोर, तोंडाला कुलूप लावून ऐकावं लागणार होतं.

मंगळवारी सकाळी मात्र ते इस्त्रीच्या शर्टात तयार होते. गालावर दोन ठिकाणी वस्तरा लागला होता.

फेरविचाराची खोली लहान होती. लांब टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर मागे पडणारं घड्याळ आणि कधीच न चालणारा पंखा. मधल्या खुर्चीवर साहेब, उजवीकडे मुंगी फाइल घेऊन, डावीकडे कंपनीचा माणूस. जिनेवाले समोर. नात्यातल्या कर्मचाऱ्याने भिंतीला लावलेल्या बाकावर बसायचं, न बोलता. शेवटी नोंद वाचून दाखवली की ती बरोबर आहे की नाही एवढंच सांगायचं, असा नियम. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मुंगी उभी राहिली. "पद्धतीप्रमाणे गाणं वाचते," म्हणाली, आणि तिने वाचलं. कोरडं, सपाट, कुठेही न थांबता.

"दार लोटून ठेव सखे, आज रात्री येईन मी. जोडे हातात घेऊन माझे, जिना चढून येईन मी. दिवा नको, हाक नको, कडी वाजू देऊ नको. जागी असून झोप सखे, मला कळू देऊ नको. उजाडायच्या आत पुन्हा हलक्या पायी जाईन मी."

हे गाणं बाईंनी शंभरदा ऐकलं होतं. रेडिओवर, कॅसेटवर, लग्नांच्या मांडवात. आणि आज त्यांच्या लक्षात आलं, की त्यांनी ते एकदाही वाचलेलं नव्हतं. चालीबरोबर वाहत गेलेल्यांत त्याही होत्या. त्यांना गाता येत नव्हतं एवढंच.

जागी असून झोप सखे. त्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

"पहिला प्रश्न," मुंगी म्हणाली. "हे घर कुणाचं?"

जिनेवाल्यांचं बोट मिशीकडे गेलं. तिथपर्यंत जाऊन थांबलं. "कविता आहे ती," ते म्हणाले. "नकाशा…"

"काका," मुंगी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पेन उघडलं. "घर कुणाचं, हे कळल्याशिवाय मला रकाना बदलता येत नाही."

कंपनीच्या माणसाने घसा खाकरला. जिनेवाल्यांनी बाकाकडे पाहिलं नाही. त्यांनी बोट खाली आणलं आणि टेबलाच्या कडेवर ठेवलं.

"माझंच," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझंच घर. भाड्याचं होतं, पण भाडं मीच भरायचो. मी छापखान्यात होतो. सुटायला साडेबारा व्हायचे. मुलगी दीड महिन्याची, जरा खुट्ट झालं की उठायची आणि मग दोन-दोन तास रडायची. जिना लाकडी. म्हणून जोडे हातात." एकदा बांध फुटल्यावर ते भराभर बोलू लागले, जणू कुणी मध्ये अडवलं तर हिंमत जाईल. "कडी वाजायची, म्हणून दार नुसतं लोटून ठेवायला सांगायचो. दिवा लावला की मुलगी जागी. आणि पाचला दूध केंद्रावर हजेरी, म्हणून उजाडायच्या आत जायचं. झालं. एवढंच आहे ते गाणं."

मुंगी लिहीत होती. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचं तरुणपण त्याच गल्लीच्या पलीकडे गेलं होतं आणि टपरीवर शिंपीणबाईंच्या नावाने त्यांनीही पैज लावली होती. "म्हणजे औषधवाल्याची मुलगी वगैरे…" ते पुटपुटले.

"तिचं तोंडसुद्धा मी नीट पाहिलेलं नाही," जिनेवाले म्हणाले आणि त्यांचे खांदे एकदम खाली आले. बाईंच्या चपलेतला खडा तिथल्या तिथे गेला. एकतीस वर्षांनी. त्यांना वाटलं होतं, असा गेला तर मोकळं वाटेल. तसं नाही वाटलं. नवऱ्याचे ते उतरलेले खांदे पाहून जीव तुटला.

"ओळ चार राहिली," मुंगी म्हणाली. पायाखाली मुंगी येऊ नये तशा काळजीने तिने प्रश्न मांडला. "'जागी असून झोप.' ही फूस मी अंदाजाने लिहिली नव्हती, शब्दांत तसं आहे. घरातली व्यक्ती जागी आहे आणि झोपेचं सोंग करते आहे. का?"

"मला वाईट वाटू नये म्हणून," जिनेवाले म्हणाले. "दिवसभर मुलीने तिला पिळून काढलेलं असायचं. तरी माझी वाट बघत जागी राहायची. मी आलो की डोळे मिटायची, म्हणजे मला वाटावं की माझ्यामुळे हिची झोपमोड नाही झाली. आणि मला कळलंय हे तिला कळलं असतं तर उद्यापासून उठून बसली असती, जेवण गरम करायला लागली असती. म्हणून मीही सोंग केलं. ती झोपल्याचं सोंग करायची, मी फसल्याचं."

बाईंना वाटायचं, हे गुपित फक्त आपलं आहे. इतकी वर्षं त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. आपण किती छान झोपेचं सोंग करायचो, म्हणून मनातल्या मनात थोडा ताठाही होता. डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि रुमाल नेमका पिशवीच्या तळाशी होता.

"पण ती जागी आहे, हे तुम्हाला कसं कळायचं?" मुंगीने विचारलं. तिला नोंद पुरी करायची होती. "अंधारात, डोळे मिटलेले. पुरावा काही?"

जिनेवाल्यांनी आता पहिल्यांदा बाकाकडे पाहिलं. जरा ओशाळले.

"ती घोरते," ते म्हणाले. "चांगली खणखणीत. घरचं माणूस म्हणून सांगतो. रविवारी दुपारी भांडी थरथरतात. आणि त्या दिवसांत मी जिन्यात कितीही वेळ कान देऊन थांबलो तरी वर चिडीचूप असायचं. दार लोटून आत गेलो तरी चिडीचूप. ही बाई झोपली असती तर मला खालच्या फाटकाशीच कळलं असतं."

कंपनीचा माणूस फस्सकन हसला. साहेबांनी फाइल तोंडासमोर धरली. मुंगीचं पेन क्षणभर थांबलं, मग तिने तोही मजकूर लिहून काढला, शब्दन् शब्द.

बाई घोरत नसत. हे त्यांचं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासूनचं म्हणणं होतं. सासूने सांगून पाहिलं, नणंदेने सांगून पाहिलं, मुलीने एकदा मोबाइलवर आवाज पकडून ऐकवला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हा पाण्याचा पंप आहे. या एका बाबतीत त्या कुणाचंही ऐकून घेत नसत. आता त्या लाल झाल्या होत्या, आणि भर कार्यालयात, सव्वीस वर्षांच्या नोकरीत मिळवलेला दबदबा असा डोळ्यांसमोर वाहून जात असताना, तोंड उघडायची बंदी होती.

मुंगीने नोंद वाचायला घेतली. कोरडी, सपाट. "गीतकाराचा खुलासा. घर गीतकाराचे स्वतःचे. सखी म्हणजे त्यांची पत्नी. रात्री उशिरा येणे व पहाटे जाणे नोकरीमुळे. पत्नी जागी असून झोपेचे सोंग करीत असे. पुरावा: पत्नी झोपेत मोठ्याने घोरते, त्या वेळी घोरत नसे. हे ग्राह्य धरल्यास गुन्हा नाही. चोरटे संबंध नाहीत. प्रेम…" ती थांबली. ती कधी थांबत नसे. "प्रेम: आहे. आक्षेपार्ह नाही. वयोगट: सगळ्यांसाठी." मग तिने बाकाकडे पाहिलं. "नोंद नात्यातल्या कर्मचाऱ्याला मान्य असेल तरच कायम होईल. एकही शब्द अमान्य असेल तर खुलासा बाद धरावा लागतो. बाई, नोंद बरोबर आहे का?"

सगळे बाईंकडे बघत होते. जिनेवालेही. उतरलेल्या खांद्यांचे, गालावर वस्तऱ्याच्या दोन खुणा असलेले, आणि आता कुणाच्याही जिन्याचे न राहिलेले.

बाई उठून उभ्या राहिल्या.

"नोंद बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "शब्दन् शब्द."